पडद्यावरील कोळपें आणि शेतांतील कोळपें

शेतकीच्या मासिकांत खत, बियाणें, पाटपाणी, गुरांचे रोग अशा विषयांची अपेक्षा वाचक करितात, व ती रास्तच आहे. तेव्हां संगणकाच्या पडद्यावर चालणारा रोबो व त्यास बाहेरून हुकूम देणारी आज्ञावली ह्या दोघांची चाल एकमेकांशीं कशी जुळवावी, हा आजचा विषय पाहून कित्येकांच्या कपाळास आठी पडेल. परंतु गेल्या खरिपांत आमच्याच शिवारांत, आमच्या डोळ्यांदेखत, कपाशीचीं बावीस झाडें वीस सेकंदांत आडवीं झालीं. त्याचें कारण जमिनींत नव्हतें, पात्याच्या धारेंत नव्हतें, कीं चालविणाराच्या हातांत नव्हतें. तें दोन घड्याळांच्या बेबनावांत होतें. अशीं यंत्रें आधीं पडद्यावर दाखवून मग शेतांत आणण्याची रीत आतां सुरू झाली आहे. म्हणून ही हकीकत सविस्तर लिहिण्याचें आम्हीं मनावर घेतलें.

हकीकतीचा आरंभ निंदणीच्या मजुरीपासून होतो. पाऊस उघडला कीं सगळ्या गांवाची निंदणी एकाच आठवड्यांत येते. मजूर मिळत नाहींत, मिळाले तर दर परवडत नाहीं, आणि चार दिवस हयगय झाली तर गवत कपाशीच्या डोक्यावर जातें. दोन ओळींमधील जागा बैलांच्या कोळप्यानें साफ होते, पण एकाच ओळींतील झाडाझाडांमधलें गवत खुरप्याशिवाय निघत नाहीं. आमचा पुतण्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतो. त्यानें व त्याच्या तीन सोबत्यांनीं नेमक्या ह्याच कामासाठीं एक लहान चारचाकी गाडा तयार करावयास घेतला. त्यास संघाच्या शिलकेंतून चाळीस हजार रुपये द्यावे अशी सूचना कार्यकारी मंडळापुढें आली, व ती आम्हींच मांडली होती. मंडळाच्या सात सभासदांनीं पडद्यावर गाडा चालतांना पाहिला. एकही झाड कापलें गेलें नाहीं. ठराव एकमतानें मंजूर झाला. आम्हीं जन्मभर महसूल कचेरींत कारकुनी केली, आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें. यंत्रांतलें आम्हांस काय कळणार? पण घरचा मुलगा, म्हणून आम्हीं शब्द टाकला, व आमच्या शब्दावर लोकांनीं हात वर केले. हें येथें मुद्दाम नमूद करून ठेवितों.

गाड्याची रचना अशी. पुढें कॅमेरा, मागें दोन पातीं. पातीं मिटलेलीं असतांना तीं ओळींतील माती दोन बोटें खोल खरवडीत जातात. झाड आलें कीं दोहों बाजूंस उघडतात, झाड मधून सुखरूप मागें पडतें, आणि पातीं पुन्हां मिटतात. कॅमेरा पात्यांच्या ६० सेंटिमीटर पुढें आहे. गाड्याची चाल सेकंदास अर्धा मीटर. म्हणजे कॅमेऱ्याखालीं झाड आल्यापासून १.२ सेकंदानें पातीं उघडलीं पाहिजेत. त्रैराशिक शिकलेल्या कोणासही हें पाटीवर मांडतां येईल. त्या शेतांतील लागवड चार फूट बाय दीड फूट, म्हणजे ओळींत झाडाझाडांमध्यें सुमारें ४५ सेंटिमीटर. हे आंकडे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे, पुढें त्यांचें काम पडणार आहे.

आतां पडद्यावरील गाडा म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. दर वेळीं खरा गाडा शेतांत घालून पीक मोडण्यापेक्षां संगणकांत एक खोटें शेत व खोटा गाडा उभा करावा. गाड्यास वजन, चाकांस घर्षण, जमिनीस चढउतार द्यावे. आणि तो कसा चालेल तें गणितानें काढून पडद्यावर पहावें. ह्या सोंगास सिम्युलेटर म्हणतात. मात्र कॅमेऱ्याचें चित्र पाहून चाकांस व पात्यांस हुकूम सोडणारी जी आज्ञावली, ती बहुधा सिम्युलेटराच्या बाहेर निराळी चालते. कारण तीच जशीच्या तशी उद्यां खऱ्या गाड्यावर बसवावयाची असते. गाडा खोटा, पण गाडीवान खरा, असा हा प्रकार आहे.

हे सिम्युलेटर अलीकडचे खरे, पण अगदीं कालचेही नव्हेत. स्वित्झर्लंडांतील लोझान येथील तंत्रविद्यापीठांत १९९६ सालीं ऑलिव्हिए मिशेल ह्यांनीं ‘वेबॉट्स’ ह्या सिम्युलेटरास आरंभ केला. २०१८ च्या डिसेंबरांत त्याची मूळ आज्ञावली सर्वांस खुली करण्यांत आली. अमेरिकेंत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांत २००२ सालीं अँड्र्यू हॉवर्ड व त्यांचे विद्यार्थी नेट कोनिग ह्यांनीं ‘गझीबो’ सुरू केला. घराबाहेर, उघड्या रानांत चालणाऱ्या रोबोंची परीक्षा पाहतां यावी हा त्यांचा हेतु होता, म्हणून बागेंतील उघड्या मंडपाचें नांव त्यास मिळालें. स्वित्झर्लंडांतच झुरिक येथें ‘व्ही-रेप’ तयार झाला, त्याचें २०१९ पासून ‘कोपेलियासिम’ असें नांव झालें. आमच्या पुतण्यानें कोणता वापरला हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण दोष सिम्युलेटराचा नव्हता.

सिम्युलेटरांतील काळ नदीसारखा अखंड वाहत नाहीं. तो पावलापावलानें पुढें सरकतो. निराळें कांहीं सांगितलें नसेल तर कोपेलियासिममध्यें हें पाऊल ५० मिलिसेकंदांचें, वेबॉट्समध्यें ३२ मिलिसेकंदांचें व गझीबोमध्यें १ मिलिसेकंदाचें असतें. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. प्रत्येक पावलास संगणकाला सगळें गणित नव्यानें करावें लागतें. गणित हलकें असलें तर पडद्यावरचा एक सेकंद आपल्या मनगटावरील घड्याळाच्या एका सेकंदांत, कधीं त्याहूनही लवकर, उरकतो. पण झाडें, गवत, सावल्या आणि कॅमेऱ्याचें चित्र हें सगळेंच काढावयाचें असलें तर तोच एक सेकंद उरकण्यास दोन-तीन सेकंद लागतात. पाहणारास एवढेंच वाटतें कीं गाडा जरा संथ चालला आहे. आम्हां सात जणांसही तसेंच वाटलें होतें. एक सभासद तर म्हणाले, ‘सावकाश चालतो तें बरें, बैल उधळण्याचें भय नाहीं.’

आषाढांत पाऊस आठ दिवस उघडला. एका सभासदानें आपल्या कपाशीच्या चार ओळी प्रयोगास दिल्या. झाडें पंचवीस दिवसांचीं, पानें हिरवींगार, एकही नांगा नाहीं. ओळ पाहून कोणासही समाधान व्हावें. गाडा सोडला. पहिलें झाड आलें, पातीं मिटलेलींच राहिलीं, झाड आडवें झालें. आम्हांस वाटलें, आरंभीं असें व्हावयाचेंच. दुसरें गेलें, तिसरें गेलें. पुतण्या गाड्याबरोबर धावूं लागला; पण घाबरल्यामुळें त्यास लाल बटण सांपडेना. तें दाबलें जाईपर्यंत दहा मीटर ओळ साफ झाली होती. मोजलीं तीं बावीस झाडें. शेताचा मालक एक शब्दही बोलला नाहीं. तो बोलला असता तर बरें झालें असतें.

मुलांनीं गाडा बांधावर नेला. आम्हीं मात्र सवयीप्रमाणें खिशांतून टेप काढली व ओळींत बसलों. नुकसानीचे पंचनामे लिहितां लिहितां हात ह्या कामास सरावलेला असतो. तेव्हां एक चमत्कारिक गोष्ट दिसली. पातीं मुळींच उघडलीं नव्हतीं असें नव्हे. प्रत्येक खुंटापुढें थोड्या अंतरावर गवताचा एक लहान पुंजका शाबूत उभा होता. म्हणजे पातीं उघडलीं होतीं, पण जेथें झाड नाहीं तेथें! खुंटापासून पुंजक्याच्या मध्यापर्यंतचें अंतर आम्हीं दहा ठिकाणीं मोजलें. तें बोटभर इकडेतिकडे २४ सेंटिमीटर भरलें. चूक अशी नियमानें होत असली म्हणजे ती दैवाची नसते, कोणाच्या तरी हातची असते, हें आम्हांस कचेरींत पुष्कळदां दिसून आलें आहे.

त्या रात्रीं पुतण्यानें संगणक आमच्यापुढें उघडला. तोच गाडा, तीच ओळ, तीच आज्ञावली. आणि पडद्यावर पातीं प्रत्येक झाडास वाट देत होतीं. तो म्हणाला, ‘काका, आज्ञावली बरोबर आहे. शेतांतच कांहीं तरी बिघडलें.’ आम्हांस करण्यासारखें कांहीं नव्हतें, म्हणून आम्ही पडद्याच्या कोपऱ्यांतील घड्याळ व आपल्या मनगटावरचें घड्याळ पाहत बसलों. पडद्यावर एक मिनिट झालें तेव्हां आमच्या घड्याळांत दोन मिनिटें झालीं होतीं.

‘अरे, हें तुझें घड्याळ मागें पडतें.’

‘काका, तें सिम्युलेटरांतलें घड्याळ आहे. माझा संगणक जुना, त्याला गणित झेपत नाहीं, म्हणून तें मंद चालतें.’

‘मग तुझीं पातीं कोणत्या घड्याळावर उघडतात?’

ह्या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प बसला. मग त्यानें आज्ञावलींतील एक ओळ काढून पाहिली. तेथें १.२ च्या जागीं २.४ हा आंकडा होता.

येथें आम्ही वाचकांस पाभरीची आठवण देतों. चाड्यावर मूठ धरणाराचा हात व बैलांची चाल ह्यांची जोडी जमली पाहिजे, हें आपणांस लहानपणापासून ठाऊक आहे. बैल मंदावले आणि मूठ आपल्याच तालावर बीं सोडीत राहिली, तर पेरा दाट होतो. बैल सपाट्यानें निघाले तर विरळ होतो. मूठ धरणारा घड्याळ पाहत नाहीं, तो बैलांचें पाऊल पाहतो. पुतण्याच्या आज्ञावलीनें नेमकें उलट केलें होतें. गाडा सिम्युलेटराच्या मंद काळांत चालला होता आणि आज्ञावली संगणकाचें, म्हणजे आपल्या जगाचें, घड्याळ पाहून पातीं उघडीत होती. १.२ सेकंद झाले असें तिला वाटे तेव्हां खोट्या शेतांत ०.६ सेकंदच झालेला असे, आणि गाडा ६० ऐवजीं ३० सेंटिमीटरच पुढें गेलेला असे. अर्थातच पातीं अर्ध्या वाटेवर उघडत.

हें वैशाखांतच एका सोबत्याच्या ध्यानीं आलें होतें. पण त्यानें कारण शोधलें नाहीं. आंकडा वाढवीत वाढवीत तो २.४ पर्यंत आला, आणि पडद्यावर सगळें ठीक दिसूं लागलें. आकारणीची बेरीज जुळत नाहीं म्हणून एखाद्या खात्यावर खोटा आंकडा घालून ती जुळवावी, तसें हें झालें. खऱ्या शेतांत काळ मंद होत नाहीं. तेथें २.४ सेकंदांत गाडा पुरते १२० सेंटिमीटर चालला. पातीं झाडाऐवजीं झाडाच्या ६० सेंटिमीटर पुढें उघडलीं. आणि झाडें ४५ सेंटिमीटरांवर असल्यामुळें ती जागा पुढल्या झाडाच्याही पलीकडे १५ सेंटिमीटर आली. जातां जातां एक गोष्ट सांगावीशी वाटते. लागवड ६० सेंटिमीटरांवर असती तर ह्याच चुकीनें पातीं बरोबर पुढल्या झाडापाशीं उघडलीं असतीं. पहिलें झाड तेवढें गेलें असतें, बाकीचीं वांचलीं असतीं, आणि आम्ही सगळ्यांनीं टाळ्या वाजविल्या असत्या. पुढें ओळींत पहिला नांगा येतांच बिंग फुटलें असतें.

आणखी दोन खुणा ह्या मुलांस आधींच मिळाल्या होत्या, पण त्यांनीं त्या मनावर घेतल्या नाहींत. महाविद्यालयांतील नव्या, वेगवान संगणकावर हीच आज्ञावली झाडें कापीत होती. त्यांनीं दोष त्या संगणकास दिला. आणि घरच्या संगणकावरही, दुसरें एखादें काम मागें चालू असलें कीं, तीच ओळ दोनदां चालवून दोन निरनिराळे निकाल येत. एकच खातेवही दोनदां बेरजेस घेऊन दोन बेरजा आल्या तर कारकुनानें ती बंद करून वरिष्ठांकडे न्यावी असा आमच्या वेळचा दंडक होता. पुतण्यास आम्हीं तो सांगितला, व त्यानें तो मुकाट्यानें ऐकून घेतला.

उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला असा कीं आज्ञावलीनें संगणकाचें घड्याळ पाहूंच नये. सिम्युलेटर जो काळ सांगेल तोच आपला काळ मानावा. रोबोंच्या कामांत सर्वत्र वापरांत असलेली ‘रॉस’ नांवाची जी सामग्री आहे तिच्यांत ही सोय आहे: सिम्युलेटर आपली वेळ दवंडी पिटल्यासारखी जाहीर करीत राहतो, व ज्या आज्ञावलीस तसें सांगून ठेविलें असेल ती तीच वेळ धरून चालते. गाडा मंदावला तर घड्याळही मंदावतें, आणि १.२ तो १.२ च राहतो. परंतु ह्यांत एक उणीव आहे. दवंडी सर्वांस ऐकूं येते, पण कोणी कोणासाठीं थांबत नाहीं. आज्ञावलीस चित्र पाहून विचार करण्यास वेळ लागला, तर तेवढ्यांत सिम्युलेटर चार पावलें पुढें निघून जातो. आणि किती पावलें, हें संगणकावरील त्या क्षणींच्या कामाच्या भारावर अवलंबून राहतें.

दुसरा उपाय पाऊल बांधून घेण्याचा. सिम्युलेटरानें एक पाऊल टाकून थांबावें. आज्ञावलीनें चित्र घ्यावें, विचार करावा, हुकूम द्यावा. हुकूम पोंचल्यावरच सिम्युलेटरानें पुढलें पाऊल टाकावें. वेबॉट्समध्यें मुळापासून हीच रीत आहे. तेथें आज्ञावलीचा काळ सिम्युलेटराच्या पावलाच्या पटींतच असावा लागतो, आणि तें योग्यच आहे. साखळी ३३ फुटांची आणि टीप करणारा दर २० फुटांस नोंद घेणारा, अशी मोजणी कोणी मान्य करणार नाहीं. कोपेलियासिममध्यें ही रीत आपण होऊन चालू करावी लागते, एरवीं तो कोणाची वाट पाहत नाहीं. फवारणीच्या ड्रोनसारख्या उडत्या यंत्रांसाठीं ‘पीएक्सफोर’ नांवाची जी खुली आज्ञावली आहे, तिच्या पडद्यावरील परीक्षेंतही हेंच तत्त्व आहे: यंत्राच्या हालचालीची खबर येईपर्यंत आज्ञावली थांबते, व पंख्यांचा हुकूम येईपर्यंत सिम्युलेटर थांबतो.

पाऊल बांधतांना दोन खांचखळगे आहेत. पहिला पोच न घेण्याचा. व्ही-रेपच्या जुन्या रीतींत ‘पाऊल टाक’ असा हुकूम पाठवितां येई, पण हुकूम पाठविला म्हणजे पाऊल पडलेंच असें नव्हे. तत्काळ चित्र मागितलें तर मागल्याच पावलाचें चित्र हातीं येई, आणि आज्ञावली शिळ्या बातमीवर नवा हुकूम देई. म्हणून हुकुमानंतर एक जबाबी विचारणा करावयाची, तिचें उत्तर आलें कीं पाऊल पुरें झालें असें समजावयाचें. टपाल टाकलें एवढ्यावर ज्यानें काम झालेलें मानलें व पोच मागितली नाहीं, त्याची फजिती आम्हीं कचेरींत अनेक वेळां पाहिली आहे. दुसरा खळगा ‘आधीं आपण, आधीं आपण’ ह्याचा. आज्ञावलींत कोठें तरी ‘अर्धा सेकंद थांब’ असें लिहिलेलें असतें. तो अर्धा सेकंद सिम्युलेटराच्या काळाचा. आणि सिम्युलेटर तर आज्ञावलीच्या हुकुमाची वाट पाहत उभा! मग दोघेही एकमेकांकडे पाहत बसतात, आणि पडदा चित्रासारखा स्तब्ध होतो. पुतण्याचे ह्यांत दोन दिवस गेले.

पाऊल बांधून झाल्यावर मुलांनीं २.४ हा आंकडा मुद्दाम तसाच ठेवून गाडा चालविला. पडद्यावर झाडें भराभर आडवीं झालीं. आम्हांस त्या दिवशीं पहिल्यानेंच त्या पडद्याविषयीं विश्वास वाटला, कारण जें शेतांत घडलें तेंच त्यानें दाखविलें. पण पुंजक्याचें अंतर तेथें खुंटापासून १५ सेंटिमीटर आलें. आमच्या टेपेवर तें २४ होतें. नऊ सेंटिमीटरांचा हिशेब लागेना.

मुलें म्हणालीं, शेतांतलें मोजमाप आहे, थोडेंबहुत कमीजास्त व्हावयाचेंच. आम्हीं तें मान्य केलें नाहीं; दहा ठिकाणीं घेतलेलें माप एकाच बाजूस नऊ सेंटिमीटर चुकत नाहीं. चौथ्या दिवशीं उलगडा झाला, आणि ह्या सबंध प्रकरणांतील सर्वांत उपयुक्त गोष्ट आम्हांस हीच वाटते. गाड्यावरचा छोटा संगणक एक चित्र पाहून त्यांतील झाड ओळखण्यास १८० मिलिसेकंद घेतो, असें मोजल्यावर आढळलें. तेवढ्या वेळांत खरा गाडा ९ सेंटिमीटर पुढें जातो. आणि आज्ञावली १.२ सेकंदांची मोजणी विचार संपल्यापासून सुरू करीत होती, चित्र घेतल्यापासून नव्हे. पडद्यावर मात्र पाऊल बांधलेलें. आज्ञावली विचार करीत असतां खोटें जग श्वास रोखून उभें राहतें. तेथें विचारास कितीही वेळ लागो, तो काळांत धरलाच जात नाहीं. ज्या रीतीनें पहिली चूक उघड झाली, तीच रीत ही दुसरी चूक झांकीत होती.

ह्यावरील उपाय कचेरींतलाच आहे. आवक-बारनिशींत कागद आल्याची तारीख पडते. कारकुनानें तो कधीं उघडला ह्यास महत्त्व नसतें, मुदत आल्या तारखेपासून धरावयाची. त्याप्रमाणें आतां प्रत्येक चित्रावर तें घेतल्या क्षणाची वेळ टांकली जाते, व पात्यांची मोजणी त्या क्षणापासून होते. शिवाय पडद्यावरही विचाराचा उशीर मुद्दाम घालण्यांत आला: ५० मिलिसेकंदांचीं चार पावलें गेल्यावरच हुकूम लागू व्हावा, अशी योजना केली. चार पावलें म्हणजे २०० मिलिसेकंद; १८० पेक्षां थोडे जास्त, पण सोंग खऱ्याहून थोडें कठीण असलेलें बरें. सुकाणूच्या हुकुमास होणारा उशीर मात्र तारीख टांकून भरून निघत नाहीं. त्यासाठीं गाड्याची चालच थोडी कमी करावी लागली.

पुढें एका वयस्क सभासदांनीं विचारलें, ‘सेकंद मोजतांच कशाला? चाकाचे फेरे मोजा.’ त्यांच्याकडील ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रांत बीं सोडणारी चकती जमिनीवरील चाकावर फिरते, ट्रॅक्टर हळू चालो कीं जलद. मुलांस हें पटलें. आतां गाडा साठ सेंटिमीटर चालला कीं पातीं उघडतात. तरी काळ्या ओल्या जमिनींत चाक घसरतें, फेरे होतात आणि गाडा जागचा हलत नाहीं, हें आपण जाणतोंच. म्हणून चाकाचा फेरा व कॅमेऱ्याचें चित्र ह्यांचा ताळा दर झाडास घेतला जातो. आणि वेगाचा अंदाज काढण्यास काळ लागतोच, त्यामुळें घड्याळांचा प्रश्न सर्वस्वी सुटला असें समजूं नये.

पडद्यावर यंत्र दाखवावयास कोणी आला तर आमच्या अनुभवावरून सभासदांनीं काय विचारावें? मनगटावरचें घड्याळ काढून पडद्याच्या घड्याळाशीं लावून पहावें, हें तर कोणासही करतां येईल. चाल मंद असली म्हणून बिघडत नाहीं. पण आज्ञावली कोणता काळ धरून चालते, तें स्पष्ट सांगतां आलें पाहिजे. तीच ओळ दोनदां चालवून दाखवावयास सांगावें, आणि निकाल भिन्न आल्यास कारण विचारावें. यंत्रावरील संगणक विचारास किती वेळ घेतो, व तो उशीर पडद्यावर धरला आहे कीं नाहीं, हा प्रश्न विचारला कीं समोरचा मनुष्य किती पाण्यांत आहे तें कळतें. एवढें होऊनही पडद्यावरील ढेकळें हीं ढेकळें नव्हेत. केना, माठ, लव्हाळा ह्यांची गर्दी कोणत्याही सिम्युलेटरांत आपल्या बांधासारखी उतरत नाहीं. शेवटीं दोन ओळी खऱ्या मोडाव्या लागतात. मात्र त्या दोनच असाव्या.

श्रावणांत गाडा पुन्हां शेतांत नेला. या खेपेस मालकाच्या संमतीनें एकच ओळ घेतली, व लाल बटण दोरीस बांधून तें दोरीचें टोंक आमच्या हातीं दिलें. शंभर झाडांपैकीं तीन कापलीं गेलीं. त्यांतलीं दोन गवतांत झांकलेलीं होतीं, तीं कॅमेऱ्यास दिसलीं नाहींत. तिसरें एका ढेकळानें पातें अडल्यामुळें गेलें. दोरी ओढण्याची वेळ आली नाहीं. खुरप्यानें निंदतांनाही शंभरांत एखादें झाड जातें, तेव्हां तीन हे अजून जास्तच आहेत असें आमचें मत आहे, व तें आम्हीं मंडळाच्या सभेंत सांगितलें. चाळीस हजारांपैकीं पंधरा हजार रुपये अजून द्यावयाचे होते; ते पुढल्या खरिपाच्या चाचणीपर्यंत राखून ठेवावे अशी सूचना आम्हींच मांडली. पुतण्या त्या सभेस हजर होता. घरीं येतांना वाटेंत तो आमच्याशीं बोलला नाहीं, पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं गाड्याचीं मापें घेऊन आला.

बावीस झाडांची भरपाई रोख घेण्यास त्या सभासदांनीं नकार दिला. त्यांनीं नांगे भरण्यासाठीं पिशव्यांत लावून ठेविलेलीं कपाशीचीं रोपें होतीं. चौघां मुलांनीं चिखलांत बसून तीं हातानें लाविलीं, आणि त्यांपैकीं एकोणीस जगलीं.